मृत्यूनंतर कोण कोणाचे देणे लागतो? मुतालब्यापासून उपदानापर्यंत

🧵 थ्रेड

१/ आमच्या वसाहतीतील एक तरुण वाळूजच्या एका कारखान्यात काम करीत असे. काही वर्षांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. सेवा झाली होती तीन वर्षे आठ महिने. दिवसकार्य आटोपल्यावर त्याची पत्नी कारखान्याच्या कार्यालयात गेली, तेव्हा तिला एका वाक्यात उत्तर मिळाले : ‘पाच वर्षे पूर्ण नाहीत, ग्रॅच्युइटी बसत नाही.’ वहिनी ते वाक्य घेऊन आमच्या घरी आल्या. मी इतिहासाची विद्यार्थिनी, कायद्याची नव्हे. तरीही कायद्याचे पुस्तक उघडले आणि मग त्याच्या मागचा इतिहास उघडत गेला. तो आज मांडते.

२/ प्रश्न साधा आहे. सेवेत असताना माणूस मरण पावला, तर त्याचा हिशेब कसा मिटवायचा? आज आपण गृहीत धरतो की मालकाने कुटुंबाला काही रक्कम द्यायची. पण हे गृहीतक अलीकडचे आहे. याच शहरात एक काळ असा होता की सेवक मरताच राज्य त्याच्या दाराशी येई ते देण्यासाठी नव्हे, तर वसुलीसाठी. देण्याघेण्याची ही दिशा उलटी कशी झाली, हाच या धाग्याचा विषय.

३/ आरंभ शब्दापासून करू. ‘ग्रॅच्युइटी’ या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ आहे कृपेने, खुशीने दिलेली भेट. महाराष्ट्राच्या शासकीय मराठीत त्यासाठी ‘उपदान’ हा शब्द रूढ झाला. त्यातही ‘दान’ आहेच. म्हणजे दोन्ही भाषांतील शब्द सांगतात की हे देणाऱ्याच्या मर्जीवर आहे. कायदा मात्र आज सांगतो की हे ऋण आहे, आणि ते तीस दिवसांत फेडले पाहिजे. शब्द जुनाच राहिला, अर्थ बदलला. तो बदलायला तीनशे वर्षे लागली.

४/ छत्रपती संभाजीनगरच्या नकाशावर कर्णपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा ही नावे आजही आहेत. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेला आपण सारे जातो. ही नावे दख्खनच्या मोहिमांवर आलेल्या राजपूत मनसबदारांची. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेले खडकी हे गाव पुढे मोगलांच्या दख्खन सुभ्याचे मुख्य ठाणे झाले आणि शेकडो मनसबदारांनी येथे हवेल्या बांधल्या. हे सारे आजच्या भाषेत पगारी नोकरदार. पगार रोखीने किंवा जहागिरीच्या उत्पन्नातून. मग त्यांच्यापैकी एखादा नोकरीत असतानाच मेला तर?

५/ मनसबदाराचा सरकारशी सतत देण्याघेण्याचा व्यवहार चाले. मोहिमेसाठी उचल मिळे, जनावरांच्या चाऱ्याचा खर्च त्याच्या नावे पडे, ठरल्यापेक्षा कमी घोडे आढळले तर वजावट होई. या साऱ्याची थकबाकी म्हणजे ‘मुतालबा’. मनसबदार वारला की दिवाणाची माणसे मालमत्तेची यादी करीत. आधी सरकारी येणे वसूल होई, उरलेले वारसांचे. वारसांना काय आणि किती सोडायचे यात बादशहाच्या मर्जीलाही मोठा वाव असे. घरात सुतक असताना दारावर मोहोर लागलेली, असे ते दृश्य.

६/ फ्रेंच वैद्य बर्निए याने लिहिले की मोगल बादशहा हाच सगळ्या उमरावांचा वारस असतो. एम. अतहर अली यांच्यासारख्या इतिहासकारांनी औरंगजेबकालीन उमरावांचा बारकाईने अभ्यास करून दाखवले की हे चित्र अतिरंजित आहे. जप्तीचा मुख्य हेतू थकबाकीची वसुली हा होता. १६६६ च्या औरंगजेबाच्या फर्मानातही येणे वसूल करून उरलेली मालमत्ता वारसांना द्यावी, असा नियम आहे. हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. मृत सेवकाच्या संदर्भात राज्याचा पहिला प्रश्न ‘याचे काय येणे आहे’ असाच होता. ‘याच्या घरी कोण आहे’ हा नव्हे.

७/ आता सह्याद्रीकडे वळू. तानाजी मालुसरे १६७० मध्ये सिंहगडावर पडले आणि पुढे त्यांचा मुलगा रायबा याचे लग्न स्वतः शिवाजी महाराजांनी लावून दिले, ही परंपरेने आलेली कथा आपण शाळेत ऐकलेली असते. तिची ऐतिहासिकता क्षणभर बाजूला ठेवू. त्या कथेत धन्याची माया आहे. माया थोर खरी, पण ती एका रायबाला मिळते. नाव नसलेल्या शिपायाच्या मुलाचे काय? त्यासाठी नियम लागतो. आणि असा नियम आपल्याला एका बखरीत सापडतो.

८/ कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे शिवचरित्राची बखर लिहिली. काळ सतराव्या शतकाचे शेवटचे दशक. तीत अफजलखान वधानंतरच्या, म्हणजे १६५९ च्या, व्यवस्थेचे वर्णन येते. जे लढाईत पडले त्यांच्या मुलांना सेवेत घेतले. ज्यांना मुलगा नव्हता, त्यांच्या बायकांना पतीच्या अर्ध्या वेतनावर चालवावे असे ठरले. जखमींना जखमेचे मान पाहून पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होन दिले.

९/ हा मजकूर वाचताना दोन सावधगिरी हव्यात. एक, सभासद घटनेनंतर साडेतीन दशकांनी लिहितो आहे, आणि तेही मोगली वेढ्यातल्या जिंजीत, जेव्हा सैनिकांना धीर देण्याची गरज होती. दोन, एका विजयानंतर केलेली व्यवस्था म्हणजे कायमचा कायदा नव्हे. पण बखरकाराने या गोष्टी नोंदवण्याजोग्या मानल्या, हेही एक साधनच आहे. धनी कसा असावा याविषयी त्या काळच्या मराठी मनाची अपेक्षा त्यातून कळते.

१०/ आणि त्या नोंदीतले मोजमाप पाहा. रक्कम ठरवताना मृताने किती वर्षे चाकरी केली, हे कोठेही विचारलेले नाही. विचारले आहे ते हे : मागे मुलगा आहे का? नसेल तर पत्नी आहे ना? तिला अर्धे वेतन. म्हणजे येथे हिशेबाचा पाया गेलेल्याची सेवा हा नसून मागे राहिलेल्यांची गरज हा आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा. शेवटी पुन्हा येथेच यायचे आहे.

११/ पुढे पेशवेकालीन कागदांत यासाठी एक स्वतंत्र शब्दच भेटतो : ‘बालपरवेशी’. बाल हा आपला शब्द, आणि परवेशी हे फारसी ‘परवरिश’चे मराठी रूप. अर्थ, पालनपोषण. सरकारच्या कामात जो पडला त्याच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी लावून दिलेली नेमणूक म्हणजे बालपरवेशी. शब्द किती बोलका आहे पाहा. मृताचे नाव त्यात नाही, त्याच्या पराक्रमाचेही नाही. आहे ते फक्त मूल. अर्थात, ही नेमणूक मिळणे सरकारकृपेवर होते. त्यासाठी कोणत्याही न्यायालयात दावा करता येत नसे.

१२/ एकोणिसाव्या शतकात धनी बदलला. सरदाराच्या जागी गिरणीमालक आला. गिरणी मुंबईत उभी राहिली, तशी शतकाच्या अखेरीस आपल्या शहरातही. नव्या धन्याचे कामगाराशी नाते रोजच्या मजुरीपुरते. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा झाली आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुट्टी ही त्यातील प्रसिद्ध मागणी. पण आणखी एक होती : काम करताना जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत वेतन मिळावे आणि कायमचा जायबंदी झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

१३/ म्हणजे सभासदाच्या बखरीतील जखमींचे होन आणि परळच्या सभेतील मागणी यांत सव्वादोनशे वर्षांचे अंतर आहे, पण प्रश्न तोच आहे. फरक एवढाच की आता तो धन्याने नव्हे, चाकराने उच्चारला आहे. याला उत्तर मिळायला आणखी चाळीस वर्षे गेली. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात होऊन मृत्यू आला, तर अवलंबितांना भरपाई. पण घरी झोपेत गेला, तापाने गेला, त्याचे काय? त्याला हा कायदा लागू नव्हता.

१४/ ही फट बुजवली ती संसदेने नव्हे, आधी औद्योगिक न्यायाधिकरणांनी. आणि त्यातील कळीचे खटले मुंबईतले. १९५१ मध्ये मुंबईच्या ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’च्या कामगारांच्या खटल्यात श्रम अपील न्यायाधिकरणाने भूमिका घेतली की ग्रॅच्युइटी ही मालकाची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे. काळा घोड्याजवळील त्या देखण्या इमारतीसमोरून आपण कितीदा जातो. तेथल्या नोकरांनी ‘दान’ या शब्दातून ‘हक्क’ बाहेर काढण्यास हातभार लावला, हे मात्र कोणत्याही पाटीवर लिहिलेले नाही.

१५/ १९६१ मध्ये ‘गारमेंट क्लीनिंग वर्क्स’ या मुंबईच्याच धुलाई कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सूत्र पक्के केले : एके काळी ग्रॅच्युइटी मालकाच्या इच्छेवर होती, आता ती कामगाराची रास्त मागणी आहे, ती सेवेतून कमावली जाते. हा तोच काळ, जेव्हा साताऱ्यात जन्मलेले प्र. बा. गजेंद्रगडकर सर्वोच्च न्यायालयात बसून औद्योगिक कायद्याची घडण करीत होते. त्या काळच्या योजनांत एक कलम हमखास असे : कामगार सेवेत असताना मरण पावला तर ग्रॅच्युइटी त्याच्या वारसांना द्यावी, आणि त्यासाठी सेवेच्या किमान वर्षांची अट शिथिल असावी.

१६/ कायद्याच्या पुस्तकात ग्रॅच्युइटी प्रथम आली ती १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यातून, म्हणजे एका व्यवसायापुरती. मग केरळने १९७० मध्ये आणि पश्चिम बंगालने १९७१ मध्ये आपापले कायदे केले. राज्याराज्यांत वेगवेगळे नियम होऊ लागले, तेव्हा देशभर एकच कायदा असावा म्हणून १९७२ चा उपदान प्रदान अधिनियम आला. त्या वेळी केंद्रात श्रममंत्री होते रघुनाथ केशव खाडिलकर, बारामतीचे खासदार. कायदा अमलात आला १६ सप्टेंबर १९७२ रोजी.

१७/ तारीख पुन्हा वाचा. दुसऱ्याच दिवशी मराठवाडा आपला चोविसावा मुक्तिदिन पाळणार होता. आणि ते वर्ष कोणते? बाहत्तरच्या दुष्काळाचे. कायदा कारखाने, खाणी, मळे, बंदरे, रेल्वे आणि दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानांना व आस्थापनांना लागू झाला. त्याच हंगामात मराठवाड्यातील लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. त्यांतला कोणी उन्हात कोसळून मेला, तर त्याच्या घरी या कायद्याचे एक पैही जाणार नव्हती. हक्क जन्माला येतो तेव्हा तो सर्वांचा नसतो. इतिहास वाचताना हे विसरू नये.

१८/ आता तो हिशेब, ज्यासाठी वहिनी आल्या होत्या. सूत्र असे : शेवटचे मासिक वेतन, म्हणजे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता. त्याला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. शेवटचे वर्ष सहा महिन्यांपेक्षा जास्त भरले असेल तर ते पूर्ण धरायचे. निवृत्तीसाठी किंवा राजीनाम्यासाठी पाच वर्षांच्या अखंड सेवेची अट आहे. पण मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही अट नाही. आणि हा अपवाद नंतर जोडलेला नाही, तो १९७२ च्या मूळ कायद्यातच आहे. कार्यालयातील ते वाक्य चुकीचे होते.

१९/ २६ का, ३० का नाही? यावरही खटले झाले. मालकांचे म्हणणे, महिन्याचे दिवस तीस. पण कामगाराला महिन्याचा पगार मिळतो तो रविवार वगळता सव्वीस दिवस काम करून. जामनगरच्या दिग्विजय वुलन मिल्सच्या खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सव्वीस हा भाजक मान्य केला आणि १९८७ च्या दुरुस्तीने तो कायद्याच्या मजकुरातच आला. चार दिवसांचा फरक क्षुल्लक वाटतो. पण परळच्या निवेदनातील रविवार आठवा. सुट्टीचा तो दिवस मिळवण्यासाठी झालेली धडपड या भाजकात मुरलेली आहे.

२०/ वहिनींच्या प्रकरणात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २०,८०० रुपये होते. २६ ने भागले, ८०० रुपये रोज. पंधरा दिवसांचे १२,०००. तीन वर्षे आठ महिने म्हणजे चार वर्षे. एकूण ४८,००० रुपये. ३० ने भागले असते तर ४१,६००. आणि ‘बसत नाही’ या वाक्यावर विश्वास ठेवला असता तर शून्य. एका विधवेच्या घरी ४८,००० आणि शून्य यांत किती अंतर असते, ते मी तेव्हा जवळून पाहिले. कायदा सांगितल्यावर आणि लेखी अर्ज दिल्यावर रक्कम मिळाली.

२१/ पण मध्ये आणखी एक अडथळा आला. नामनिर्देशनाच्या अर्जावर, म्हणजे ‘नमुना एफ’वर, मोठ्या भावाचे नाव होते. आईवडील लवकर गेलेले, भावानेच वाढवलेले. नोकरीला लागताना लग्न झालेले नव्हते, म्हणून त्याने भावाचे नाव लिहिले आणि पुढे ते बदलायचे राहून गेले. १९७२ चा कायदा म्हणतो की कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द होते, आणि त्याच्या व्याख्येतील कुटुंबात भाऊ येत नाही. म्हणून रक्कम वारसांकडे, म्हणजे पत्नी व लहान मुलीकडे गेली. दिरांनी स्वतःहून तसे लिहून दिले, हे त्यांचे मोठेपण. प्रत्येक घरात दीर असा नसतो.

२२/ मुलीच्या वाट्याविषयी कायदा काय म्हणतो? वारस अज्ञान असेल तर त्याचा वाटा नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जमा व्हावा, आणि त्याने तो मूल सज्ञान होईपर्यंत बँकेत गुंतवून ठेवावा. हे कलम वाचताना मला पेशवे दप्तरातील तो शब्द आठवला. बालपरवेशी. फरक एवढाच की येथे अर्जी नाही, कृपा नाही. मुलीचे नाव आणि तिचा हिस्सा.

२३/ आणि ज्या कलमाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले ते म्हणजे तेरावे. त्याचा आशय असा : ग्रॅच्युइटीच्या रकमेवर कोणत्याही दिवाणी, महसुली किंवा फौजदारी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासाठी जप्ती आणता येणार नाही. सावकाराचे येणे असो, आणखी कोणाचे असो. येथे धाग्याच्या आरंभाकडे परत चला. कर्णपुऱ्याच्या काळात सेवक मरताच त्याच्या घराला आधी मोहोर लागे. तेरावे कलम म्हणते की या एका पेटीला मोहोर लावायची नाही. मुतालब्याची दिशा पुरती उलटली, ती येथे.

२४/ मग सारे ठीक झाले का? नाही. दहाव्या मुद्द्यात म्हटले होते ते आठवा. सभासदाच्या नोंदीत मोजमाप होते मागे राहिलेल्यांचे. १९७२ चे सूत्र मोजते फक्त झालेली सेवा. त्यामुळे जो जितका लवकर मरतो, त्याच्या घरी तितके कमी जाते, आणि नेमके तेव्हाच मुले लहान असतात. तीस वर्षे नोकरी करून गेलेल्याच्या घरी मुले बहुधा कमावती झालेली असतात, आणि रक्कम तेथे मोठी जाते. निवृत्तीसाठी हे सूत्र रास्त आहे. मृत्यूसाठी ते उसने घेतलेले आहे.

२५/ तुलना करा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याचा सेवेत मृत्यू झाल्यास वेगळी सारणी आहे : एक वर्षाहून कमी सेवेला मासिक वेतनाच्या दुप्पट, एक ते पाच वर्षांपर्यंत सहापट, पाच ते अकरा वर्षांपर्यंत बारापट, अकरा ते वीस वर्षांपर्यंत वीसपट, त्यापुढे दर सहा महिन्यांच्या सेवेला अर्धे वेतन, कमाल तेहतीसपट. त्याच २०,८०० रुपयांवर, तेवढ्याच सेवेवर, ही रक्कम १,२४,८०० होते. ४८,००० च्या अडीचपटीहून जास्त. आणि हे शक्य झाले, कारण तेथे मृत्यूचे सूत्र निवृत्तीच्या सूत्राहून निराळे आखले आहे.

२६/ न्यायाने हेही सांगितले पाहिजे की खासगी कामगाराच्या घरी केवळ ग्रॅच्युइटीच जात नाही. भविष्य निर्वाह निधीच्या सभासदाला १९७१ पासून कुटुंब निवृत्तिवेतनाची आणि १९७६ पासून ठेवसंलग्न विम्याची जोड मिळाली. विम्याची कमाल मर्यादा आज सात लाख रुपये आहे. अपघाती मृत्यूच्या भरपाईतही आता मासिक वेतनाचा निम्मा भाग धरून त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात, आणि मृत जितका तरुण तितका गुणक मोठा. अर्धे वेतन! सभासदाची ती ‘अर्धी’ अशी दुसऱ्या दाराने परत आली, पण ती अपघातापुरती.

२७/ २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि १९७२ चा कायदा तिच्यात विलीन झाला. ठरावीक मुदतीच्या कामगारांना प्रमाणशीर ग्रॅच्युइटी मिळावी, भत्त्यांच्या आडून मूळ वेतन फार खाली ठेवता येऊ नये, अशा महत्त्वाच्या सुधारणा तीत आहेत. मृत्यूच्या प्रसंगी पाच वर्षांची अट नाही, हेही कायम राहिले. पण पंधरा दिवस, सव्वीसचा भाजक आणि झालेल्या सेवेची वर्षे हे सूत्र तेच आहे. मागे कोण आहे, हा प्रश्न अजूनही त्यात नाही.

२८/ म्हणून माझा निष्कर्ष दुहेरी आहे. मोगल दिवाणाने विचारले, ‘याचे काय येणे आहे?’ सभासदाने नोंदवले, ‘याच्या मागे कोण आहे?’ आणि विसाव्या शतकातील कामगाराने विचारले, ‘याने काय कमावले आहे?’ तिसऱ्या प्रश्नाने कृपेचे हक्कात रूपांतर केले, आणि ही कामगिरी सरदारांची नव्हे, गिरण्या, दुकाने आणि धुलाई कारखान्यांतील अनाम माणसांची आहे. पण हक्क मिळवताना दुसरा प्रश्न मागे पडला. तो पुन्हा विचारणे म्हणजे भूतकाळात रमणे नव्हे. तो अपुरा राहिलेला हिशेब आहे.

२९/ शेवटी एक साधी विनंती. घरातल्या नोकरदार माणसाला आज विचारा : नामनिर्देशनाच्या अर्जावर कोणाचे नाव आहे, आणि तो अर्ज लग्नाआधीचा तर नाही ना? आणि कोणाच्या घरी असा प्रसंग आला, कार्यालयातून ‘पाच वर्षे झाली नाहीत’ असे उत्तर आले, तर त्यांना अठरावा मुद्दा दाखवा. त्या वहिनी आता शिवणकाम करतात, मुलगी तिसरीत आहे. तिच्या नावाची ठेव तशीच आहे.

३०/ तुमच्या गावात, घराण्याच्या जुन्या कागदांत बालपरवेशीचा उल्लेख असलेली एखादी सनद किंवा नोंद असेल तर जरूर कळवा. आजोबांच्या गिरणीतील ग्रॅच्युइटीचा जुना कागद असेल तर तोही जपून ठेवा. तलवारीइतकाच तोही इतिहासाचा ऐवज आहे. धागा समाप्त. 🙏